कान कुणी कापायचा

माझी नात हैदराबादला एका मोठ्या कंपनीत आहे. काय करतेस म्हटलं की म्हणते, "आजोबा, मी रिस्कमध्ये आहे." कोण आजारी पडेल, कुणाची गाडी ठोकली जाईल, कुणाचा कारखाना जळेल याचे अंदाज ती काचेच्या इमारतीत बसून काढते म्हणे. मी म्हटलं, बाई गं, मीही रिस्कमध्येच होतो, कॉलेजात शिकत होतो तेव्हापासून. तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. माझ्या रिस्कला शिंगं होती, शेपूट होती आणि उन्हाळ्यात तिचा वास शिवारभर सुटायचा, हे तिला सांगायला गेलो तर तिचा फोन वाजला. पोरांचे फोन नेमके आपण तोंड उघडल्यावर वाजतात. तेव्हा ते इथे लिहून ठेवतो.

नांदेडात आमचं घर रेल्वेच्या रुळांना लागून होतं. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत पॉइंटमन. दिवसभर शंटिंग चाले. डबे एकमेकांवर आदळले की आमच्या मांडणीवरची जर्मलची भांडी खणखणत, आणि माय भाकरी थापता थापता हात न थांबवता म्हणे, "आली बघ तुझ्या बापाची गाडी." त्या आवाजांची आम्हाला इतकी सवय की यार्ड शांत पडलं की झोपमोड व्हायची. तो दुष्काळाचा उन्हाळा होता. गोदावरी नावाला उरली होती. बाया पात्रातल्या वाळूत खड्डे करून वाटीनं पाणी घागरीत भरत आणि त्यावरून एकमेकींच्या सात पिढ्या काढत. घरात ज्वारीची भाकरी, येसराचं मसाल्याचं पीठ कालवलेली पातळ आमटी आणि ठेचा, हेच सकाळी आणि हेच संध्याकाळी. रविवारी मात्र माय चुरमुरे भिजवून सुशीला करायची. त्यात शेंगदाणे कमी पडले की मी कुरकुर करायचो आणि आबा स्वतःच्या ताटलीतले दाणे वेचून माझ्या ताटलीत टाकायचे. तोंडानं काही बोलायचे नाहीत. बोलणं हा त्यांचा प्रांत नव्हता.

मला एका जागी बसवत नसे. आधी सायन्सला गेलो, तिथं जीव रमला नाही म्हणून कॉमर्सला आलो, तिथल्या वर्गात खिडकीशी बसून रस्त्यावरच्या सायकलरिक्षा बघत राहायचो. पायाला भिंगरी लागलेली. कुठं जायचंय ते माहीत नाही, पण इथं बसायचं नाही, एवढं नक्की. माय म्हणायची, "ह्याच्या बुडाखाली कुणी इस्तू ठिवलाय का काय." आज माझे गुडघे मला खुर्चीतून उठू देत नाहीत, तेव्हा ती फार आठवते.

आमचे संख्याशास्त्राचे सर होते, त्यांना माझी ही चुळबुळ दिसली असणार. एक दिवस वर्गाबाहेर बोलावून म्हणाले, लातूरला विमा कंपनीची नवीन शाखा निघतेय, फिरतीचं काम आहे, तात्पुरतं आहे, जातोस का. फिरतीचं म्हटल्यावर मी पुढचं ऐकलंच नाही.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. सगळ्या गावाला लग्नघराची कळा. जिकडे बघावं तिकडे नव्या कचेऱ्या, पाट्यांचा रंग ओला, ट्रकवर उलट्या बांधलेल्या खुर्च्या येऊन राहिल्यात, शिपायाला साहेब कुठं बसतो ते माहीत नाही आणि साहेबाला शिपाई कुठं गेला ते. पानपट्टीवरचा माणूससुद्धा "आता आमचा जिल्हा" असं म्हणून चुना लावायचा. आज तिथं चौकाचौकात क्लासेसचे फलक आणि पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो आहेत. तेव्हा सगळीकडे तुरीच्या टरफलांची धूळ होती. आमची शाखा एका डाळमिलच्या माडीवर होती. खाली मिल सुरू झाली की टाइपरायटर टेबलावर आपोआप सरकत सरकत कडेला यायचा.

शाखेचे साहेब काझीसाहेब. नांदेडच्याच जुन्या मोहल्ल्यातले, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. सफारी सूट, चांदीची पानाची डबी, आणि मराठी बोलताना मध्येच आपल्या दख्खनीत शिरायचे. त्यांनी माझी गुणपत्रिका बघितलीसुद्धा नाही.

"मियाँ, चालता किती येतं?"

"लागेल तितकं."

"उलटी होती क्या, वासानं?"

"बघावं लागेल."

"खरं बोलतोस. बस."

मग त्यांनी काम समजावलं. सरकारच्या योजनेत बँकांनी घरोघरी दुभत्या म्हशी दिल्या होत्या. प्रत्येक म्हशीचा विमा, आणि विमा आहे याची खूण म्हणून तिच्या कानात धातूचा नंबरी बिल्ला. म्हैस मेली की आमच्या माणसानं जागेवर जाऊन ती बघायची, आणि बिल्ल्यासकट तिचा कान कापून ऑफिसात आणायचा. कान नुसता बघून चालायचं नाही, कारण एकाच मेल्या म्हशीवर दोघातिघांनी भरपाई उचलल्याचे प्रकार घडले होते. दुष्काळानं जनावरं पटापट मरत होती आणि जायला माणूस नव्हता. "पावसाळ्यापर्यंत बघतो तुझं काम," काझीसाहेब म्हणाले. "कान आणलास तर केस पुरी. कायमची एक जागा आहे, ती तुझी. मोकळ्या हातानं परत आलास, तर मी वर कुणाला काय तोंड दाखवू? मग कॉलेजात जाऊन बस बाबा."

कायमची जागा, तीही फिरतीची, तीही शिकता शिकता. मी एसटीत बसून नांदेडला आलो तो उडतच.

घरी सांगितलं. माय खूश. आबा भाकरी मोडत होते, ते थांबले.

"जनावराचा इमा," ते म्हणाले.

"हो."

"जनावर मेल्यावर तू काय करणार?"

"बघणार. अहवाल लिहिणार."

"अन्‌ कान?"

कानाचं त्यांना कुठून कळलं होतं कोण जाणे. रेल्वेत सगळ्या बातम्या येतात. इथे एक सांगायला हवं. आमचं मूळ गाव अहमदपूरच्या बाजूला. तिथं मेलेलं ढोर ओढून नेणं हे आमच्या लोकांच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं काम. धम्म घेतला त्या वर्षी आमच्या अख्ख्या वस्तीनं ठरवलं की यापुढे मेल्या जनावराला हात लावायचा नाही. मग गावानं आमचं दुकान बंद केलं, मजुरी बंद केली, पाणवठा बंद केला. पुढे आबा नांदेडला आले, रेल्वेत लागले. यापलीकडे आबांनी आम्हाला त्या दिवसांबद्दल कधी काही सांगितलं नाही, आणि विचारायची आमची छाती नव्हती. घरात एकच कायदा होता आणि तो हाच.

"तुला शिकवला कशापायी?" आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

माय मध्ये पडली. "अहो, कागदाचं काम हाय. साहेबाचं हाय. हात कामून लावंल तो?"

"मग तसा शबुद दे म्हणावं."

मी शब्द दिला. मेल्या जनावराला हात लावणार नाही. दिला खरा, पण मनात म्हणत होतो, कसली ही जुनी माणसं, जग कुठं चाललंय आणि हे कुठं बसलेत. मला चीड आली होती. ती नोकरी मला हवी होती, इतकी की छातीत दुखावं.

पहिले काही दौरे निभावले. अर्धा आठवडा नांदेडला कॉलेज, अर्धा आठवडा लातूर आणि आजूबाजूची खेडी. अहमदपूरचा एक चामड्याचा ठेकेदार होता, त्याची माणसं बैलगाडी घेऊन मेलेली जनावरं उचलत फिरायची. मी पोचेपर्यंत त्यांनी कान कापून ठेवलेला असे. काझीसाहेबांनी मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला होता, खाली मीठ भरलेला. मालकानं कान त्यात टाकायचा, मी झाकण लावायचं. माझा हात डब्याला, कानाला नाही. एसटीत डबा मांडीवर घेऊन बसलो की आजूबाजूची माणसं हळूहळू सरकायची आणि मला ऐसपैस जागा मिळायची. एका कंडक्टरनं नाक धरून विचारलं, "काय हाय त्यात?" मी म्हटलं, "सरकारी." पुढं त्यानं तिकीटसुद्धा लांबूनच फाडून दिलं.

मग ते गाव आलं. नाव लिहीत नाही, तिथं आता माझी जिवाभावाची माणसं आहेत. अहमदपूरहून फाट्यावर उतरून आत चालत जायचं. फाट्यावर सोपानरावांचं चहाचं हॉटेल होतं, आणि त्या हॉटेलाचं दूध ज्या म्हशीचं, तीच मेली होती. सोपानराव चांगला माणूस. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं जे झालं त्यात त्याच्या मनात काळं काहीच नव्हतं. त्यानं मला गावातल्या घरी नेऊन बाजेवर बसवलं, कपबशीत चहा दिला, बिनदुधाचा म्हणून दहादा माफी मागितली. "साहेब, लई गुणाची व्हती. नुसती हाक मारली तरी यायची." डोळे भरून आले त्याचे. मग सवयीनं विचारलं, "साहेबांचं नाव?"

मी पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. त्याचा चेहरा बदलला; पण वाईट अंगानं नाही. तो मोकळा झाला. डोक्यावरचं ओझं उतरावं तसा.

"मग तर लई बरं झालं की," तो म्हणाला. "ठेकेदाराची गाडी कालपासनं आली न्हाई. आमच्यातलं कुणी हात लावत न्हाई, अन्‌ हितल्या तुमच्या लोकांनी कवाच सोडून दिलंय. मी म्हनलं आता कानाचं कसं व्हावं. तुमीच आलाव, सुटलं कोडं. इळा आणतो." आणि तो खरोखर विळा आणायला आत गेला.

मी कपबशी हातात घेऊन तसाच बसलो. आत्ताच ज्याला साहेब म्हणत होता त्याच्याच हातात तो विळा देणार होता, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. अंगाची लाही झाली. पण खोटं कशाला लिहू, लाही होता होताच मनात हिशेब चालला होता: एक कान. एक मिनिटाचं काम. कोण बघतंय? आबा नांदेडला. बिल्ला डब्यात पडला की जागा माझी.

बघत होते. गोठ्यापलीकडे लिंबाच्या झाडाखाली त्या गावातल्या आमच्या लोकांच्या वस्तीतली म्हातारी-कोतारी येऊन बसली होती. कंपनीचा साहेब आपल्यातला आहे ही बातमी माझ्या चहाच्या आधी तिथं पोचलेली. त्यांच्यातली एक आजी उठून माझ्याजवळ आली. आधी जयभीम घातला, मग गाव विचारलं, मग हळूच म्हणाली, "लेकरा, तू कापशील अन्‌ मोटारीत बसून जाशील. आमाला हितंच ऱ्हायचं हाय. उद्या दुसरं ढोर पडलं की म्हणतेत, साहेब असून त्यानं कापला, तुमाला काय झालं? लई सोसून सोडलंय रं आमी हे."

एवढं बोलून ती परत जाऊन बसली. सोपानराव विळा घेऊन आला.

"मी कापणार नाही," मी म्हटलं. "मालकानं कान कापून द्यायचा. मी बिल्ला बघून घेईन."

"मी?" तो दचकला. "माझ्या हातानं? साहेब, पाप हाय ते."

"मग मला का सांगता?"

त्यानं भावांना हाक मारली. त्याचे भाऊ आले, शेजारी आले. कुणी म्हणालं, राहू द्या, ठेकेदाराची वाट बघू. पण त्या उन्हात जनावर फुगलेलं, वर घारी फिरत होत्या, कुत्री जवळ येऊन राहिलेली. आणि कान कुत्र्यानं नेला तर भरपाई गेली, म्हणजे हॉटेल गेलं. कुणी म्हणालं, साहेबाला ताठा आलाय. मी उभाच होतो. माझ्या डोळ्यांपुढं काझीसाहेब, कायमची जागा, मोकळा डबा. एका जागी न बसणारा मी, त्या दुपारी एका जागेवरून हललो नाही.

शेवटी घरातून सोपानरावांची बायको आली, चंद्राबाई. डोक्यावरचा पदर दातात धरून तिनं नवऱ्याच्या हातातला विळा घेतला. "तिचं बाळतपण म्या केलं. शेण म्या काढलं. आता कान कापायला जगाला इनवण्या कशाला?" ती म्हशीच्या डोक्याशी बसली. आधी तिनं तो कान कुरवाळला, बिल्ल्यावरची माती पदरानं पुसली, आणि मग कापला. रडत रडत, पण हात न थरथरता. माझ्या डब्यात टाकला. मी झाकण लावलं. मग ती दिरांकडं वळून म्हणाली, "आता वढा. का तेबी मीच करू?"

त्या गावात सवर्ण बाप्यांनी आपलं मेलेलं जनावर आपण ओढलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. बैल आणले, दोर आणला. पण दोर बांधला शिंगांना. दोन पावलं ओढलं की मुंडकं जमिनीत रुतायचं, दगडाला अडायचं, बैल बुजायचे. परत ओढायचं, परत रुतायचं. सगळे घामाघूम. झाडाखालची आमची माणसं गप बसून बघत होती. कुणी हसलं नाही, कुणी तोंड उघडलं नाही. एकदा त्यांच्यातला एक बाप्या न राहवून उठायला लागला, तेव्हा त्या आजीनं त्याचा सदरा मागून धरून त्याला खाली बसवलं.

काझीसाहेबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पानाला चुना लावत राहिले. "मियाँ, तू माझं काम वाढवलंस," म्हणाले, आणि त्याच दिवशी सगळ्या बँकांना कळवलं की कान मालकानंच कापून द्यायचा, कंपनीचा माणूस हात लावणार नाही. जागा मला मिळाली. पुढं मी त्याच धंद्यात म्हातारा झालो.

पण मला सांगायचंय ते रविवारचं. आबांना सुट्टी होती, माय चुलीपुढं भाकरी करत होती. मी सगळं सांगितलं. शब्द पाळला म्हणून ते शाबासकी देतील असं मला वाटत होतं. तेवढ्यासाठीच मी ते रंगवून सांगत होतो. त्यांनी माझ्याबद्दल काही विचारलंच नाही.

"दोर कशाला बांधला?"

"शिंगांना."

"मागच्या पायाला बांधायचा असतो," आबा म्हणाले. माय त्यांच्याकडं बघत राहिली. मग त्यांनी विचारलं, "अन्‌ आपली माणसं?"

"झाडाखाली बसून होती."

"कुणी उठलं न्हाई?"

"एक जण उठत होता. एका आजीनं त्याचा सदरा धरून खाली बसवलं."

आबा भिंतीकडं बघत बोलायला लागले. "आमी सोडलं त्या सालचं सांगतो. समदं बंद. तुझी आज्जी तापानं पडलेली, घरात दाणा न्हाई. पाटलाचा बैल पडला. पाटलानं वस्तीपुढं ज्वारीचं पोतं आणून ठिवलं. म्हनला, जो उठंल त्याचं. समदे बसून व्हते. मी उठलो."

तव्यावरची भाकर जळाल्याचा वास आला, पण मायचा हात हलला नाही. तिलाही हे माहीत नव्हतं.

"मागच्या पायाला दोर बांधला अन्‌ एकट्यानं बैल नेला. ज्वारी घरी आणली. माझ्या बापानं त्यातला दाणा तोंडात घातला न्हाई. वस्तीतलं कुणी काय बोललं न्हाई, पर मलाच तितं तोंड दाखवू वाटंना. गावानं न्हाई मला गाव सोडायला लावलं रं, माझं मीच सोडलं. म्हनून तुला शबुद मागितला." मग ते माझ्याकडं वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "माझा सदरा धरणारं कुणी न्हवतं. तुझा कुणी धरला?"

"तुम्हीच धरला होता, आबा," मी म्हणालो.